चित्रातलं काही कळत नाही म्हणता? मग प्रदर्शनं बघायला इथून सुरुवात करा

"आम्हाला बाई त्या चित्रांतलं काही कळत नाही" असं म्हणणारी माणसं मला सतत भेटतात, आणि गंमत म्हणजे हीच माणसं साडी घेताना पदर उलटा करून मागची बाजू बघतात, गणपती आणायला गेली की डोळ्यांची आखणी कुठल्या मूर्तीची चांगली यावर अर्धा तास घालवतात आणि तांब्याचं भांडं बोटाने वाजवून घेतात. म्हणजे नजर आहेच की! फक्त गॅलरीच्या काचेच्या दारापाशी आली की ती बिचकते. हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांना आजची चित्रं आणि हाताने केलेल्या वस्तू बघाव्याशा वाटतात पण कुठे जायचं, काय बघायचं, काय विचारायचं, विकत घ्यायचं तर कसं, यातलं काहीच कोणी सांगितलेलं नाही. मी मुंबई धरून लिहितेय कारण मला ती जास्त माहिती आहे, पण मधे मधे बाकीच्या गावांचंही येईल.

पायरी पहिली: जहांगीरला जा, आणि काही न वाचता एक फेरी मारा

सुरुवात जहांगीर आर्ट गॅलरीतच करा असं माझं ठाम मत आहे. १९५२ साली उघडलेली ही गॅलरी काळा घोड्याला आहे, चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं, प्रवेश फुकट, वेळ साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ७. आत वेगवेगळे हॉल आणि प्रत्येक हॉलमध्ये वेगळा चित्रकार, बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात, त्यामुळे पंधरा दिवसांनी परत गेलात तर सगळं नवीन असतं. कॉलेजची मुलं, ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत आलेले लोक, पावसापासून आडोशाला शिरलेले लोक, सगळे आत असतात, कोणी तुमच्याकडे वळूनसुद्धा बघत नाही, आणि नवख्या माणसाला आधी हेच लागतं.

आत गेल्यावर पहिली फेरी भरभर मारायची. लेबलं वाचायची नाहीत, दाराशी ठेवलेलं चित्रकाराचं निवेदन तर अजिबात वाचायचं नाही, कारण त्यातली भाषा बऱ्याचदा इतकी अवघड असते की चित्र बघायच्या आधीच आपण हरतो. नुसतं चालायचं. कुठल्या चित्रापाशी पाय आपोआप रेंगाळले एवढं लक्षात ठेवायचं आणि दुसऱ्या फेरीत फक्त त्या एका चित्रापाशी जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं, घड्याळ लावून राहिलात तरी चालेल. आधी लांबून बघा, मग इतकं जवळ जा की रंगाचा थर दिसेल (हात मात्र लावू नका), मग परत मागे या. जवळून दिसतं की जो आकाश वाटत होता तो निळा एकच रंग नाहीये, खाली पिवळा आहे, त्याच्यावर राखाडी, आणि मधेच कोणीतरी चाकूने खरवडलंय. लांबून जे शांत वाटत होतं त्यात केवढी झटापट आहे हे कळलं की चित्रात शिरायला वाट मिळते, आणि त्याला कुठलं शिक्षण लागत नाही.

पायरी दुसरी: खुर्चीवर बसलेल्या माणसाशी बोला

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि नवीन लोक नेमकी हीच टाळतात. जहांगीरमध्ये हॉलच्या कोपऱ्यात टेबल असतं, त्यावर अभिप्रायाची वही आणि ब्रोशर, आणि मागे जी व्यक्ती बसलेली असते ती बहुतेक वेळा स्वतः चित्रकारच असते! कोल्हापूरहून, सांगलीहून, नागपूरहून, अगदी बंगालमधून चित्रं ट्रकने, रेल्वेने घेऊन आलेली माणसं असतात ही, हॉल मिळायला कित्येकांनी वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते, आणि दिवसभर लोक येतात, सेल्फी काढतात आणि काही न बोलता जातात. तुम्ही जाऊन एक साधा प्रश्न विचारलात तर त्यांना मनापासून आनंद होतो हे मी बघितलेलं आहे.

फक्त "याचा अर्थ काय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर देताना चित्रकार पण अवघडतो आणि तुम्ही पण. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. सुरुवात कुठून केली, आधी कुठला रंग लावला, हे खरखरीत कशाने झालं, ब्रश की रोलर, मधे काही बदललं का, या मालिकेतलं सगळ्यात आधीचं चित्र कुठलं. मग बघा, माणूस उठतो, तुम्हाला भिंतीपाशी घेऊन जातो, हाताने दाखवायला लागतो की इथे आधी झाड होतं ते पुसलं, इथे कागद चिकटवून वरून रंग दिला. दहा मिनिटांत तुम्हाला जे मिळतं ते पुस्तकातून मिळायला फार वेळ लागेल.

निघताना वहीत दोन ओळी लिहा, मराठीतच लिहा, कुठलं चित्र आवडलं ते नावानिशी लिहा. नुसतं "छान" लिहून त्यांना काही कळत नाही.

लेबल कसं वाचायचं

आता लेबलाकडे या. त्यावर चित्राचं नाव, माध्यम, मापं, वर्ष असं असतं, किंमत बऱ्याचदा नसते, ती टेबलावरच्या यादीत असते आणि यादी मागायला लाजायचं काहीच कारण नाही. लेबलाशेजारी लाल टिकली असली तर चित्र विकलं गेलंय. ऑइल म्हणजे तैलरंग, सावकाश सुकतो, म्हणून रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात, अॅक्रिलिक भराभर सुकतं त्यामुळे कडा जास्त स्पष्ट येतात. मिक्स्ड मीडिया म्हणजे कागद, कापड, शाई, रंग काय वाट्टेल ते एकत्र.

प्रिंटच्या बाबतीत मात्र नीट समजून घ्या कारण इथे लोक फसतात. खाली पेन्सिलने ४/२० असं लिहिलेलं दिसलं तर त्या ठशाच्या एकूण २० प्रती काढल्यात आणि ही त्यातली चौथी, प्रत्येक प्रत चित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेली, शेजारी सही. एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून काढलेला ठसा, असेल तर कागद तिरका धरून बघा, चित्राच्या चारही बाजूंनी कागद किंचित आत दबलेला दिसतो, तो धातूच्या पत्र्याचा ठसा, प्रेसच्या दाबाने उमटलेला. आणि मूळ पेंटिंगचा फोटो काढून चांगल्या कागदावर मशीनने छापलेलं असतं त्यालाही प्रिंटच म्हणतात! ते वाईट असं नाही, घरात लावायला सुंदर दिसतं, पण त्याची किंमत आणि हाताने काढलेल्या ठशाची किंमत यात फरक असायला पाहिजे, म्हणून सरळ विचारा की हे हाताने छापलंय की डिजिटल आहे.

पायरी तिसरी: रस्ता ओलांडा

जहांगीरची सवय झाली की आजूबाजूला बघा. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, त्यांच्याकडे पण थांबा, पोर्ट्रेट काढताना हात कसा चालतो ते तिथे उभ्या उभ्या बघायला मिळतं. जरा पुढे एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा, १९९६ पासून सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत आहे, अर्धगोलाकार मजल्यांवरून वर वर चढत थेट घुमटाखाली पोचायचं. तिकीट अगदी मामुली आहे, सोमवारी बंद. तिथे एकाच चित्रकाराचं आयुष्यभराचं काम एकत्र बघायला मिळतं कधी कधी, आणि तशी संधी अजिबात सोडू नका. २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन तिथे झालं, त्याच वर्षाच्या शेवटी सुधीर पटवर्धन यांचं. पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढत राहिले, लोकलचे डबे, पूल, अर्धवट बांधलेल्या इमारती, कामावरून परतणारी माणसं, म्हणजे रोज आपण ज्यातून जातो तेच. आधुनिक चित्रकला आपली नाही असं ज्याला वाटतं त्याने आधी पटवर्धनांची चित्रं बघावीत.

कुलाबा-फोर्टमधल्या खाजगी गॅलऱ्यांची भीती मी समजू शकते. जुन्या इमारती, खाली छोटीशी पाटी, लाकडी जिना, वर बंद दार, बेल वाजवायची. वाजवा! प्रवेश फुकट असतो, विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, एखादी मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून हॅलो म्हणते आणि परत कामाला लागते, एवढंच होतं. केमोल्ड प्रेस्कॉट रोड, चॅटर्जी अँड लाल, झवेरी कंटेम्पररी, तर्क, प्रोजेक्ट ८८ ही नावं लिहून ठेवा, बहुतेक रविवारी बंद असतात, आणि जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो तेव्हा बऱ्याच गॅलऱ्या एका दमात होतात. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, १९९९ पासून चालू आहे, तिथे शनिवार-रविवारी इतकी गर्दी असते की चित्रापेक्षा डोकी जास्त दिसतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा.

मुंबईत नसाल तर पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आणि घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन, ठाण्यात कापूरबावडीचं कलाभवन, कोल्हापुरात शाहू स्मारक. गोव्यात डिसेंबरमध्ये पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव असतो २०१६ पासून, जुन्या सरकारी इमारतींमध्ये चित्रं, शिल्पं, हस्तकला सगळं मांडलेलं असतं, आणि एरवी कधीही पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, सुबोध केरकरांनी उभं केलेलं. आणि जिथे कुठे सरकारी किंवा खाजगी कला महाविद्यालय असेल त्यांचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं तर नाहीच, कारण तिथे विद्यार्थी बिनधास्त असतात आणि किमतीही आवाक्यात असतात.

कला आणि हस्तकला वेगळी काढू नका

इथे मला जरा थांबून बोलायचंय. प्रदर्शनाला जाणारे वेगळे आणि हस्तकलेच्या स्टॉलवर जाणारे वेगळे अशी वाटणी आपल्याकडे झालेली आहे आणि ती मला मुळीच पटत नाही, आपल्याच चित्रकारांचा इतिहास बघितला तर ती टिकतही नाही. वर नाव घेतलं ते बरवे, त्यांनी कित्येक वर्षं नोकरी केली ती विणकर सेवा केंद्रात, विणकरांसाठी डिझाइन करण्याची. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार बिहारला मधुबनीत गेले, तिथल्या बायकांनी भिंतीवरची चित्रं कागदावर काढावीत म्हणून त्यांनी खटपट केली, आणि नंतर आपल्या डहाणूकडच्या वारली पाड्यांत गेले. तिथे गंजाडला जिव्या सोमा मशे होते. वारलीत लग्नाचा चौक लिहायचा तो सुवासिनींनी, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, मधे पालघट देवी, आणि हा माणूस मात्र लग्नकार्य नसतानाही रोज चित्र काढायचा. १९७० च्या दशकात त्यांची चित्रं गॅलरी केमोल्डमध्ये लागली, आणि तेव्हा केमोल्ड होती कुठे, तर जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर! पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणूनच मला फार आवडतं. राणीच्या बागेच्या आवारात, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेली इमारत, आत जुनी मातीची भांडी, चांदीकाम, हस्तिदंती काम, वेगवेगळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या मूर्ती, आणि त्याच कपाटांच्या मधोमध आजच्या चित्रकारांना बोलावून काम मांडायला देतात. बुधवारी बंद असतं, आणि जायच्या आधी उघडं आहे ना ते एकदा बघून घ्या.

पायरी चौथी: हाताने केलेलं ओळखायला शिका

वस्तू हातात घेऊन उलटी करायची, ही पहिली सवय. पैठणीचंच घ्या. हातमागावर पदर विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते, विणकर मोराच्या पिसापर्यंत हिरवा नेतो, तिथे शेजारच्या जरीत अडकवतो आणि परत फिरवतो, असं ओळीमागून ओळ, त्यामुळे धागा मागे मोकळा सुटतच नाही. म्हणून खऱ्या पैठणीच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते, नक्षी बांगडी मोर असो, आसावली असो, मुनिया असो. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापून टाकलेले असतात, बोटाला खरखर लागतात. दुकानदार त्याला सेमी पैठणी म्हणून विकतो तेव्हा तो खोटं बोलत नाहीये, पण ती वस्तू वेगळी आणि तिची किंमतही वेगळी. मनमाडवरून शिर्डीला जाणाऱ्यांनी येवल्याला जरूर उतरावं, घराघरात माग आहेत, भरजरी पदराला महिने कसे लागतात ते डोळ्यांनी दिसलं की भाव ऐकून धक्का बसत नाही.

वारलीत एकसारख्या आकृत्या शोधा. कपवर, पिशवीवर, कुर्त्यावर छापलेल्या वारलीत सगळ्या माणसांचे त्रिकोण तंतोतंत सारखे असतात, हाताने काढलेल्यात रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटाला बारीक होते, काडीवरचा रंग संपत येतो ना, आणि तारपा नाचातली चाळीस माणसं असली तर चाळीसही जण वेगवेगळे वाकलेले असतात.

तांब्याचं बघायचं तर पुण्यात कसब्यात तांबट आळी. पेशवाईपासूनची वस्ती. तिथे जे मठारकाम चालतं त्यात भांडं घडवून झालं की हातोडीने शेजारी शेजारी ठोके देत जायचं, त्याने पृष्ठभागावर छोटे छोटे चमकणारे खळगे येतात आणि पत्राही मजबूत होतो. साच्यातून काढलेल्या भांड्यालाही आजकाल तसेच खळगे पाडतात पण ते सगळे एका मापाचे असतात. हातठोक्याच्या रांगा तळाकडे जाताना लहान होत जातात, भांड्याच्या गोलाईप्रमाणे, ते बोट फिरवून बघा. कोल्हापुरी चप्पल घेताना खिळे आहेत का बघा, अस्सल चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी, आणि राजवाड्यात गंजिफा, गोल पत्ते, दशावतारीचे १२० असतात, प्रत्येक अवताराचे १२, कारागीर तिथेच बसून रंगवताना दिसतात. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या, २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. कोकणात मासे खायला जाताय तर एक सकाळ या दोन ठिकाणांना द्या.

पायरी पाचवी: जत्रा आणि स्टॉल

पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरमध्ये, बचत गटांचं महालक्ष्मी सरस मुंबईत, नागपूरला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, सीएसएमव्हीएसच्या, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, आवारात कुमारस्वामी हॉलमध्ये अधूनमधून हातमाग-हस्तकलेची विक्री प्रदर्शनं. अशा ठिकाणी आधी न घेता पूर्ण फेरी मारा, मग लक्षात राहिलेल्या दोन-तीन स्टॉलवर परत जा आणि विचारा की हे तुम्ही स्वतः करता का, एकाला किती दिवस लागतात, घरात अजून कोण करतं. स्वतः करणारा माणूस लगेच हात दाखवून सांगायला लागतो, नुसता विकणारा भावाकडे वळतो. दोघांकडूनही घ्यायला हरकत नाही पण आपण कोणाकडून घेतोय ते माहीत असावं. आणि भाव करताना जरा धीर धरा. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण चार दिवस खपून विणलेल्या टोपलीचे शंभर रुपये कमी कर म्हणून अडून बसतो, हे मला खरंच बघवत नाही. दोन वस्तू घेऊन थोडं कमी होतं का विचारा, ते ठीक आहे.

रोजचं बघणं आणि फोन

प्रदर्शन महिन्यातून एकदा होईल, मधल्या दिवसांत बाजारात बघा. दिवाळीच्या आधी धारावीचा कुंभारवाडा, गणपतीच्या आधी पेण, पुण्यातली बुरूड आळी, कोल्हापूरची चप्पल लाइन. जाता जाता पाच मिनिटं थांबून हात कसा चालतो बघितलं तरी पुरे. इन्स्टाग्राम पण वापरा, पण एक लक्षात ठेवा की तिथे हाताएवढं चित्र आणि भिंतीएवढं चित्र सारखंच दिसतं, म्हणून माप वाचल्याशिवाय मत बनवू नका. जहांगीरमध्ये ज्यांच्याशी बोललात त्यांना फॉलो करा, ते कोणाला फॉलो करतात ते बघा, आणि आवडलेलं काम वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करत जा. सहा महिन्यांनी तो फोल्डर उघडलात की आपल्याला कुठले रंग, कसले विषय ओढून घेतात ते आपोआप दिसतं.

पहिली खरेदी, आणि पावसाळा

पहिल्यांदा घेताना कागदावरचं छोटं काम घ्या, रेखाटन, जलरंग, लाकडाचा ठसा. एवढ्यासाठी वर्षअखेरीची विद्यार्थ्यांची प्रदर्शनं उत्तम. सही, वर्ष आणि माध्यम लिहिलेली पावती मागून घ्या, मागे चित्राचं नाव लिहून घ्या. गुंतवणूक म्हणून घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन, भाव वाढेल या हिशोबाने घेतलेलं चित्र कपाटात जातं आणि भिंत रिकामीच राहते.

फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगा आणि तो अॅसिड-फ्री आहे ना विचारा, साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागदावर पिवळे डाग येतात. ज्या भिंतीला बाहेरून पावसाचा मारा बसतो तिच्यावर कागदाचं काम लावू नका, आणि फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना रबराची किंवा बुचाची चकती चिकटवा म्हणजे मागे हवा खेळते. पैठणी मलमलच्या कापडात ठेवा, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. तांबं चिंच-मिठाने घासलं की झालं. आणि कोल्हापुरी चप्पल जूनमध्ये पुसून, कोरडी करून कागदात गुंडाळून वर ठेवून द्या, ओल लागली तर चामडं फुगतं, दसऱ्याला काढा.